एका तोंडाच्या दोन नळ्या

आमच्या मालनमावशींना एखादी गोष्ट लपवायची असली, की त्या आधी तिचा सगळ्या सेक्टरभर गाजावाजा करून ठेवतात. "मी मिश्री सोडली" हे चारकोपच्या आमच्या सेक्टरमध्ये इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवून झालं होतं, की समोरच्या गल्लीतल्या गुजराती कुटुंबाला मिश्री म्हणजे काय ते ठाऊक नसताना ती सुटल्याचं मात्र पक्कं ठाऊक होतं.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेल्या तंबाखूची पूड. दात घासायच्या नावाखाली ती बोटाने हिरड्यांना लावायची आणि मग अर्धा तास तोंड उघडायचं नाही. मावशींच्या बाबतीत हा शेवटचा भाग शेजाऱ्यांच्या फार सोयीचा होता, हे मी कबूल करतो.

मी सुबोध. मावशींचं आणि माझं बैठं घर एकाच भिंतीचं. त्यांच्याकडे मिरचीची फोडणी पडली की ठसका मला लागतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून त्या मला मास्तर म्हणतात आणि माझं एकही वाक्य पुरतं ऐकून घेत नाहीत. बांगड्याचं तिखलं केलं की वाटी मात्र न चुकता येते, त्यामुळे मीही फारसं मनावर घेत नाही.

मावशी आता एकोणसाठ वर्षांच्या. वडील गिरणीत होते, बालपण लालबागच्या चाळीत गेलं. लग्नानंतर चारकोपला आल्या तेव्हा इथे रस्त्यापेक्षा चिखल जास्त होता. नंतर इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका औषधाच्या कारखान्यात बावीस वर्षं त्यांनी बाटल्यांना लेबलं लावली. हातानं, एकेक. आजही कुणाच्या घरी लोणच्याच्या बरणीवरची चिठ्ठी तिरकी दिसली तर मावशी ती नखाने सोडवून सरळ लावतात आणि मगच चहा घेतात. त्यांचे यजमान चंद्रप्रकाशकाका पेपर वाचतात. बाकी काय करतात ते मला वीस वर्षांत कळलेलं नाही.

मावशींना एक जुळी बहीण आहे, जयंती. अगदी एका साच्यातली. पण आई दोघींना पुरी पडेना आणि गावी आत्याला मूल नव्हतं, म्हणून दोन वर्षांची जयंती आत्याने कुडाळजवळच्या गावी नेली ती कायमचीच. तिथेच वाढली, तिथेच जवळ लग्न झालं. सहा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर ती मुलाकडे, निहारकडे, दहिसरला राहायला आली. दोघी शेजारी बसल्या की बघणाऱ्याला मजा वाटते. नाक तेच, हसताना पदर तोंडावर नेणं तेच. पण जयंतीमावशी उन्हात रापलेल्या आणि काटक, तर आमच्या मावशी गोऱ्या, गोलमटोल, शुगर-बीपीची गोळी डब्यात सांभाळणाऱ्या. मावशींचा याबाबतचा सिद्धांत सोपा आहे. स्वतःत जे चांगलं ते रक्तातलं, आणि जे वाईट ते मुंबईच्या पाण्याचं.

आता मुद्द्यावर येतो. चार वर्षांपूर्वी मावशींच्या गालात आतून पांढरा चट्टा आला होता. डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगितली. मुलगी श्रुतिका मुलुंडहून धावत आली, आणि मावशींनी तिच्या डोक्यावर हात ठेवून मिश्री सोडल्याची शपथ घेतली. चट्टा मुकाट्याने कमी झाला, मिश्री मात्र सुटली नाही. डबी तांदळाच्या पिंपात तळाशी गेली आणि मिश्री लावायची वेळ दुपारची झाली, इतकाच काय तो फरक.

हे असंच चाललंही असतं, पण गेल्या वर्षी श्रुतिकाला दिवस गेले. तिने सगळं ठरवून टाकलं. बाळंतपणानंतर चारकोपलाच जागा घ्यायची, रजा संपली की बाळ दिवसभर आजीकडे. फक्त एक अट. "आई, मिश्रीचं बोट माझ्या बाळाच्या तोंडाजवळ जाता कामा नये. डबी दिसली तर त्याच दिवशी पाळणाघर. मी बोलणार नाही, भांडणार नाही, थेट पाळणाघर."

"सोडून चार वर्षं झाली गं बाई," मावशी म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून स्लॅबला पाळण्यासाठी कडी बसवून घेतली. पाचव्या महिन्यातच! दुपटी शिवून झाली, कुंच्या झाल्या, आणि त्या कडीखालून जाताना मावशी दर वेळी वर बघायच्या. मी पाहिलंय ते.

अशात मी एक आगाऊपणा केला. एका कॉलेजातली मंडळी पन्नाशीपुढच्या जुळ्यांचा अभ्यास करत होती. वेगळ्या घरांत वाढलेली एकसारखी जुळी त्यांना हवी होती. मी मोठ्या उत्साहाने दोघी मावशींची नावं कळवली. जयंतीमावशी खूश झाल्या. आमच्या मावशी तर आधीच फोटोला कुठली साडी नेसायची ते ठरवून बसल्या.

अभ्यास करणारी रश्मी नावाची हुशार मुलगी घरी आली. फॉर्म भरताना श्रुतिका शेजारीच होती. तंबाखूचा रकाना आला तेव्हा मावशी मोठ्याने म्हणाल्या, "नाही. चार वर्षं झाली." रश्मीने खूण केली आणि सहज सांगितलं, "रक्त नाही घेणार हं, नुसती थुंकी. नळीत भरून द्यायची. त्यातून बरंच कळतं. जीन्स, वयाच्या खुणा, तंबाखू वगैरे."

मावशींचा चेहरा पडला. जयंतीमावशी तेव्हा आल्याच नव्हत्या, त्यांच्या रिक्षेला दहिसरच्या नाक्यावरच उशीर झाला होता. हे लक्षात ठेवा.

"मला नाही वाटत हे काही बरोबर," मावशी म्हणाल्या. "थुंकी म्हणजे... कशाला ते?"

"का गं?" श्रुतिका म्हणाली. "सोडलीयेस ना? मग घाबरतेस कशाला?"

झालं. आता माघार घेणं म्हणजे कबुलीच होती.

मावशींनी वेळ काढायला माझ्याकडे वळून विचारलं, "मास्तर, पण आम्ही दोघी एकच ना? मग दोघींची कशाला हवी?"

मला असा प्रश्न कुणी विचारत नाही. मी सरसावलो. म्हटलं, "मावशी, समजा तुमच्या आईने स्वयंपाकाची एक वही लिहिली. तिची शब्दन् शब्द तशीच नक्कल करून एक तुम्हाला दिली, एक जयंतीमावशींना. अक्षर तेच, पाककृती त्याच. त्या म्हणजे तुमचे जीन्स. पण पन्नास वर्षांनी दोन्ही वह्या उघडल्या तर? तुमच्या वहीत हळदीचे डाग वेगळ्या पानांवर, कोपरे वेगळे दुमडलेले, काही पानं तेलाने एकमेकांना चिकटलेली, म्हणजे ती उघडतच नाहीत. अक्षर बदललं नाही, पण कुठलं पान वाचलं जातं ते बदललं. त्या डागांच्या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात. जगण्याने पडलेल्या खुणा. धुराच्या, जेवणाच्या, काळजीच्या. लहानपणी जुळ्यांचे डाग बरेच सारखे असतात, वय वाढेल तसे—"

"बरं बरं," मावशी म्हणाल्या. माझं व्याख्यान त्यांनी बाकी कशासाठी नाही, पण एका वाक्यासाठी ऐकलं होतं. अक्षर तेच.

तेवढ्यात जयंतीमावशी आल्या. मावशींनी दोन्ही नळ्या उचलल्या. "पाहुण्यांसमोर थुंकणं आमच्यात नाही," असं जाहीर केलं आणि बहिणीला घेऊन मोरीत गेल्या. आत काय झालं ते मला पुढे कळलं. मावशी म्हणाल्या, "जयंती, शुगरच्या गोळीने माझं तोंड कोरडं पडतं गं. तूच भर ना दोन्ही. एकच तर रक्त आपलं."

"हाड हंय," जयंतीमावशी नळ्या घ्यायला हात पुढे करत म्हणाल्या. "थुंकीक काय दुकाळ पडलोहा?"

बाहेर आल्यावर मावशींनी नळ्यांना लेबलं स्वतः लावली. बावीस वर्षांचा हात, केसभरही तिरकं नाही. रश्मी कौतुकाने म्हणाली, "इतकी सरळ लेबलं कुणीच लावत नाही हो." मावशींनी पदर तोंडाला लावून हसून घेतलं.

पाच आठवडे मावशी मजेत होत्या. कढीत मीठ बरोबर पडत होतं, भांडणं होत नव्हती, आणि दुपारी भिंतीपलीकडे अर्धा तास शांतता असायची. मला संशय यायला हवा होता. पण शांततेवर संशय घ्यायची मला सवय नाही.

एका रविवारी रश्मी आली. निरोप देऊन दोघींना बोलावून घेतलं होतं. श्रुतिकाही आली होती, सातवा संपत आलेला. काका पेपरमागे. रश्मी म्हणाली, "रिपोर्ट खासगी असतात. मी दोघींशीच आत बोलते."

"अगं, आमच्यात खासगी काही नसतं," मावशी पाय पसरून म्हणाल्या. "सगळ्यांसमोर सांग. ही माझी मुलगी, हे मास्तर, यांनाही ऐकू दे." नळीत बहिणीची शुद्ध थुंकी आहे याची इतकी खात्री, की त्यांना साक्षीदार हवे होते!

रश्मीने पुन्हा विचारलं. जयंतीमावशीही म्हणाल्या, "बोल गे बाय."

"बरं," रश्मी म्हणाली. "जीन्स तंतोतंत सारखे आहेत, ते अपेक्षितच होतं. अडचण खुणांची आहे. तुम्ही दोघी जवळजवळ सगळं आयुष्य वेगळं काढलंत. अन्न वेगळं, हवा वेगळी, एकीला शुगर, दुसरीला नाही. या वयात खुणांमध्ये पुष्कळ फरक हवा. इथे नाहीच. प्रत्येक खूण जागच्या जागी तशीच."

मी वहीवाला. मला आधी कळलं. दोन वह्यांवर हळदीचे डाग त्याच पानांवर, त्याच आकाराचे? मी मावशींकडे बघितलं. त्या कडीकडे बघत होत्या.

"या नळ्या दोन बहिणींच्या नाहीत," रश्मी हळूच म्हणाली. "एकीच्याच आहेत."

"तुमच्या लॅबने घोळ घातला असेल."

"आम्हालाही तेच वाटलं. दोनदा तपासलं, मावशी."

मावशींनी क्षणभर विचार केला आणि आवाज चढवला. "बरं! माझं तोंड कोरडं होतं, म्हणून जयंतीने भरल्या. एवढं काय त्यात? बाकीचं सांग ना. तंबाखूचं काय आलं ते सांग."

"ते मी खरंच खासगीत—"

"सांग म्हणते ना!"

रश्मीने कागदाकडे बघत सांगितलं, "दोन्ही नळ्यांमध्ये तंबाखू आहे."

मावशी सावकाश बहिणीकडे वळल्या, आणि असा संताप मी त्यांच्या तोंडावर महापालिकेच्या माणसासमोरही पाहिलेला नाही.

"जयंते! तू मिश्री लावतेस? शरम नाही वाटत? या वयात? आणि मी मूर्ख तुझ्या भरवशावर—"

एवढं बोलून त्या थांबल्या. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"भरवशावर काय, आई?" श्रुतिका म्हणाली.

काकांनी पेपर खाली ठेवला.

"माका आधी सांगूक नको?" जयंतीमावशी पुटपुटल्या. "निहाराक म्हायत नाय. मी तांदळाच्या पिंपात लपवन ठेवतंय."

"तांदळाच्या?" मावशींच्या तोंडून निघून गेलं. "तळाला?"

"मगे खंय?"

रश्मीने पेन उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटलं. मला हसू येत होतं, पण श्रुतिका उभी राहिली होती. एक हात कमरेवर, एक पोटावर.

"माझ्या डोक्यावर हात ठेवला होतास तू."

"मनात उद्यापासून म्हटलं होतं गं," मावशी म्हणाल्या. "रोज म्हणते. खोटं नाही सांगत, रोज म्हणते."

"मी उद्याच पाळणाघरात नाव घालते."

मावशी म्हणजे बोलायला काही नसलं तरी बोलणारी बाई, पण त्या दिवशी खाली मान घालून बसल्या. मला फार वाईट वाटलं. ही सगळी आग मी लावली होती, आणि आता त्या कडीकडे मलाही बघवेना.

जयंतीमावशींनी श्रुतिकाला हाताला धरून खाली बसवलं. म्हणाल्या, "तुझ्या आवशीचा माका म्हायत नाय. माझा सांगतंय. माका आवशीक मामी म्हणूक लावल्यानी. आत्या आई झाली, मगे आवस मामी झाली. मे म्हयन्यात येय. पंदरा दिस रव्हय, माझी येणी घाली, आणि हिका घेवन जाय. तिच्या बोटाक मिश्रीचो वास येय. एका वर्सा ती डबी विसारली. मी ती लपवन ठेवलंय. रोज उघडून हुंगय. दहा वर्सांची होतंय. एक दिस बोट घालून बघितलंय, तिच्यासारख्या."

त्यांनी आपल्या बोटाकडे बघितलं. "ती डबी अजून आसा माझ्याकडे. पितळेची."

मावशी रडायला लागल्या. "मला वाटलं हरवली," त्या म्हणाल्या. "गाडीत आईने किती शोधली. मला मारलं होतं त्या डबीसाठी."

मी वर्गात जीन्सचा एक रकाना आणि परिस्थितीचा एक रकाना फळ्यावर आखतो. एकीच्या घरात आई रोज होती म्हणून मिश्री आली, दुसरीच्या घरात आई नव्हती म्हणून आली. हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

थोड्या वेळाने मावशींनी पदराने नाक पुसलं आणि रश्मीला विचारलं, "हे आमचे डाग बाळाला लागतात का गं?"

"आजीच्या खुणा नातवंडात तशाच उतरतात असं माणसांमध्ये कुणी नक्की दाखवलेलं नाही, मावशी," रश्मी म्हणाली. "बाळाची वही जवळजवळ बिनडागाचीच सुरू होते म्हणा. पण मुलं बघून शिकतात, हे सांगायला माझ्या अभ्यासाची गरज नाही."

श्रुतिका इतकंच म्हणाली, "डबी आण."

मावशी उठल्या. पिंपात कोपरापर्यंत हात घालून डबी काढली, मुलीच्या हातात दिली.

"डाव्या बाजूला अजून एक आहे," चंद्रप्रकाशकाका म्हणाले.

वीस वर्षांत त्यांनी माझ्यासमोर उच्चारलेलं हे सगळ्यात लांब वाक्य. मावशींनी त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी लगेच पेपर वर केला.

रश्मीने पिशवीतून नवीन नळी काढली. मावशी मोरीत गेल्या नाहीत. सगळ्यांच्या देखत, खोलीच्या मधोमध बसून, कोरड्या तोंडाने वीस मिनिटं खटपट करून त्यांनी ती भरली. आणि लेबल, आयुष्यात पहिल्यांदा, तिरकं लागलं. त्यांनी ते सरळही केलं नाही.

तो रिपोर्ट पुढे आला. तंबाखू अर्थातच होती. पण खुणा बहिणीहून पुष्कळ वेगळ्या निघाल्या, आणि याचा मावशींना भलताच अभिमान वाटला. "माझे डाग माझे आहेत," त्या भाजीवाल्यालाही सांगत होत्या. मिश्री सुटली ती गाजावाजा न करता, म्हणून माझा विश्वास बसला. पहिला महिना त्यांनी आम्हा सर्वांना सळो की पळो करून सोडलं. अर्ध्या तासाची शांतता गेली ती गेलीच.

एप्रिलमध्ये श्रुतिकाला मुलगी झाली. ऑक्टोबरपासून बाळ रोज सकाळी नऊला चारकोपच्या घरी येतं. दारात तपासणी असते. मावशी उजव्या हाताची तर्जनी पुढे करतात, श्रुतिका वाकून वास घेते आणि मगच बाळ देते. मंगळवारी जयंतीमावशी दहिसरहून येतात, त्या मावशींच्या मागे बोट पुढे करून मुकाट्याने रांगेत उभ्या राहतात.

परवाच्या मंगळवारी मला शाळेला सुट्टी होती. बाळाची अंघोळ नुकतीच झाली होती. जयंतीमावशींनी येताना ती पितळेची डबी आणली होती. चिंच लावून लखलखीत घासलेली, आणि आत वेखंडाची पूड. बाळाच्या टाळूवर तेल घालून मावशींनी चिमूटभर पूड चोळली. जयंतीमावशी कितीतरी वेळ रिकामं झाकण नाकाशी धरून बसल्या होत्या.

"आवशीचो वास गेलो गे, मालन," त्या म्हणाल्या. "कितको घासलंय मी."

मावशींनी झाकण घेतलं, वास घेतला आणि मान हलवली. डोळे भरले होते त्यांचे. बाळाने तेवढ्यात त्यांचं बोट पकडून तोंडात घातलं आणि जोरजोरात चोखायला लागलं. मावशींनी ते सोडवून घेतलं नाही.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "हिला आपला येईल ना. वेखंडाचा."